डावा पाय

जानकीपुरमहून डॉक्टरांचा महानगर मोहल्ला काही फार लांब नाही. लेकीची, सावनीची छाती डॉक्टरांना दाखवायची असली की विनया ई-रिक्षा धरायची आणि दिवेलागणीला परत यायची. पण त्या दिवशी उन्हं कलली तसं धुकं असं उतरलं, की नाक्यावर एक रिक्षा दिसेना. शेजारच्या सरोजभाभी म्हणाल्या, एवढ्या कोहऱ्यात पोरीला घेऊन कुठे निघालीस, उद्या जा. पण सावनीची छाती भात्यासारखी वाजत होती. उद्याचा भरवसा कुणी द्यावा?

सावनीला शेजारी बसवून विनयाने जीप काढली. नवरा देवदत्त फौजेत, दूर सीमेवर. त्याने लिलावात घेतलेली ही म्हातारी जीप तेवढी दारात. तिचे गिअर आपसूक जुळत नसत. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून दांडी मधे आणायची, क्लच सोडायचा, रेस द्यायची, आणि पुन्हा क्लच दाबून मग गिअर. शिकवताना देवदत्त चिडवायचा, तुझ्यासारखीच आहे बघ, मधे दम खाऊ दिला नाही तर अंगावर येते.

पुलाचा चढ नीट पार पडला. उतार लागला, आणि ब्रेक लोण्यात रुतावा तसा खाली गेला. पुन्हा दाबला. काही नाही. हँडब्रेक तर कधीचाच मेलेला. समोर धुक्यात दोन लाल दिवे… उभ्या ट्रकचे.

तिने क्लच दाबला, दांडी मधे ओढली, क्लच सोडला. मोकळी सुटलेली जीप उतारावर धावत निघाली. तिने रेस दिली. आता पुन्हा क्लच… पण डावा पाय उचलेचना. लाकूड झाला होता नुसता.

तेवढ्यात घोट्याला काहीतरी गार लागलं. ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास आला. तिचा पाय कुणीतरी उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला, घाई न करता, सराईत माणसाने दाबावा तसा. गिअर बिनआवाज दुसऱ्यात बसला. मग तसाच पहिल्यात. इंजिन घुमलं, जीप मंदावत गेली, आचका देऊन बंद पडली आणि ट्रकच्या मागे हातभरावर थांबली.

सावनी वाकून तिच्या पायांशी बघत होती.

“मम्मी… नीचे कौन बैठा है?”

“कोणी नाही, बाळा.”

“उनको भी साँस नहीं आ रही…”

विनयाने मागे वळूनही पाहिलं नाही. जीप तिथेच टाकून, पोरीला कडेवर घेऊन ती धावली. एका टेम्पोवाल्याने दोघींना डॉक्टरांकडे सोडलं. सावनीला खाटेवर निजवून वाफेचा मास्क लावला. हळूहळू छातीतली शिट्टी बंद झाली. पोर झोपली. विनयाचे डोळे भरून आले.

मग तिच्या लक्षात आलं. सावनी श्वास आत घेत होती, मधे थांबत होती… आणि त्या थांब्यात विनयाचा डावा पाय आपणहून फरशीवर दाबला जात होता. मगच श्वास बाहेर येत होता.

तिने दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय वर उचलला.

सावनीची छाती हलेना. ओठ निळसर होऊ लागले…

तिने हात सोडले. पाय खाली गेला. श्वास आला.

नर्स आत आली, मास्क नीट केला, समाधानाने हसली.

“अब बिटिया ठीक है, दीदी. आप भी ज़रा पैर ऊपर करके लेट जाइए.”