फुलबाहीचा शर्ट

मे महिन्यात सडक अर्जुनीत फुलबाहीचा शर्ट घालून फिरणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर वेडा. उमेंद्र दोन्ही नव्हता. बाबांच्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा मनगटापर्यंत बटणं लावलेली. मी मलमाची ट्यूब पुढे केली तर म्हणाला, "काउंटरवर ठेवा."

माझ्या हाताला काय काटे होते? मला रागच आला.

"एवढ्या उन्हात फुलबाही काऊन घालता?" पुढच्या खेपेला मी विचारलंच.

"फौजेची सवय आहे."

"अन् हसायची सवय? ते तिकडंच ठेवून आले का?"

तेव्हा तो हसला... अन् मी कामातून गेले.

हळूहळू कळलं. बर्फातल्या ड्युटीवर सोरायसिस झाला, अंगाची सालं निघू लागली, फौजेनं घरी पाठवलं. धानाच्या चिखलात उभं राहिलं की पाय फाटून रक्त येतं, म्हणून शेती दुसऱ्याला बटईनं, वाट्यावर दिलेली. अपंगत्वाची पेन्शन लागली तरच लग्नाचं बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. कोणाशी, ते तोंडानं कधी सांगितलं नाही; डोळ्यांनी सांगून टाकलं होतं. पण डॉक्टरांच्या बोर्डानं मागच्या वेळी 'किरकोळ आहे' म्हणून परत पाठवलं होतं.

आता दुसरा बोर्ड जवळ आला तसा तो दुकानात आला. "त्या दाबायच्या गोळ्या द्या."

त्या गोळ्यांनी कातडी थोडे दिवस गुळगुळीत होते, मग दुप्पट उसळते. "मागच्या वेळीही ह्याच खाऊन गेले होते?"

"मंग? साहेबापुढं फौजी असा जाईन का? इन्स्पेक्शनले आमी बूटसुद्धा चमकवून जातो."

मला हसू येईना. हा माणूस स्वतःचं दुखणं पॉलिश करून दाखवायला गेला होता.

"नाही देत," मी म्हटलं. "आधी मले दाखवा."

"पाहू नका, गुंजन... किळस येईन."

"ते मी पाहीन."

मग त्यानं बटण सोडलं. कोपरापर्यंत लाल, भेगाळलेला हात. माझे डोळे भरून आले. इतके दिवस हा एकट्यानंच हे झाकत आला, याचं फार वाईट वाटलं.

"असेच जा," मी म्हटलं. "लपवून ठेवलं तर त्यायले दिसन कसं?"

बोर्ड करून नागपूरहून तो थेट दुकानात आला. हाफ शर्ट घालून. गिऱ्हाईकं वळून पाहत होती, बाबाही.

"सगळं दाखवलं," तो म्हणाला. "निकालाले वेळ आहे. पेन्शन नाही लागली तर—"

"तर हे दुकान कोठं पळून चाललं? मी आहे ना इथं."

मी सवयीनं ट्यूब काउंटरवर ठेवली.

"हातात द्या," तो हळूच म्हणाला.

मी ट्यूब तिथंच राहू दिली अन् माझा हात दिला. बाबा पाहून राहिले होते. पाहू दे.