असोद्याच्या फाट्यावरची न खाल्लेली केळी

"विधीताई, सापडली! एक नाही, तीन सापडली!"

धुण्याच्या बादलीजवळून धाकटा भाऊ संयम असा काही ओरडला की विधीला वाटलं, याच्या हाताला पालच लागली! पण त्याच्या हातात दादाजींची पिवळीधमक जर्सी होती. सायकल चालवताना घालायची, पाठीमागे खिसे असलेली. त्या खिशांतून तीन केळी निघाली होती, चेपून काळी पडलेली, पण सालासकट शाबूत.

"शी! टाक ती!" विधी म्हणाली आणि लगेच स्वतःच किंचाळली, "थांब! टाकू नकोस!"

तासाभरापूर्वीच याच घरात, याच सोफ्यावर बसून जितेंद्रकाका छातीवर हात ठेवून सांगत होते, "अहो, भाऊंना मी स्वतः केळी दिली! माझ्या हातानं! तरी चक्कर आली. वय झालं, दुसरं काय!"

भाऊ म्हणजे विधीचे आजोबा, अमृतलाल. घरात ते दादाजी. कापडाचं दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर माणसं आराम करतात, दादाजींनी सायकल घेतली! पिंप्राळ्याच्या सायकल मंडळींमध्ये ते वयानं सर्वांत मोठे आणि चढावर सर्वांच्या पुढे. म्हणजे, परवापरवापर्यंत पुढे. थंडी पडल्यापासून दोनदा परतीच्या वाटेवर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आज तर सायकल मागे टेम्पोत आणि दादाजी पुढे ड्रायव्हरशेजारी, अशी वरात घरी आली होती.

आता ही मंडळी सायकल चालवायला निघत की खायला, हे सांगणं अवघड होतं बरं का! एकजण भिजवलेले बदाम मोजून आणायचा आणि दुसऱ्याला एकही द्यायचा नाही. एकजण खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी पुडीतून चोखायचा आणि "ताकद आली, ताकद आली!" म्हणायचा. कप्तान जितेंद्रकाका गळ्यात शिट्टी घालून साखर म्हणजे कसं विष असतं यावर भाषण द्यायचे, आणि परत आल्यावर पोहे-जिलेबीच्या गाडीवर पहिली प्लेट कुणाची? जितेंद्रकाकांचीच!

"माझं ठरलंय," संध्याकाळी पप्पा म्हणाले. "आणखी एकदा चक्कर आली, की सायकल विकायची. जामनेरच्या गिऱ्हाइकाचे फोनही येऊन गेलेत."

"अरे, पण संक्रांतीला धुळ्याला..." दादाजी चाचरत म्हणाले.

"धुळ्याला बसनं जा!"

धुळ्याला दादाजींची धाकटी बहीण राहायची, सुगनबाई. यंदाच्या संक्रांतीला सायकलवरून तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे त्यांनी दिवाळीपासून मनात धरलं होतं. फोनवर सुगनबाई पोट धरधरून हसल्या होत्या, पण मग रोज विचारायच्या, "भैया, आज किती चालवली?"

जेवणं झाल्यावर विधीनं पाहिलं, दादाजी अंगणात बसून सायकलची साखळी पुसत होते. साखळी लखलखत होती, तरी पुसत होते. काही झालं तरी ही सायकल जाऊ द्यायची नाही, असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तिनं मयुरीला फोन लावला. मयुरी तिच्या वर्गातली, राहायची असोद्याला. सायकल मंडळी पावणेसातला जिथे थांबत, तो फाटा मयुरीच्या शेताला लागूनच होता.

"माझा संशय त्या केळ्यांवरच आहे!" संयम फोनमध्ये तोंड घालून ओरडला. "नासकी असतील!"

"ए शहाण्या!" पलीकडून मयुरी कडाडली. "असोद्याची केळी नासकी? तुझं तोंड नासकं!"

"भांडू नका रे!" विधी म्हणाली. "मला एवढंच कळत नाहीये, की दादाजींना केळी मनापासून आवडतात. मग घेतात आणि खात का नाहीत?"

"मग येऊनच बघ ना. नाताळची सुट्टी आहे, राहायला या दोघं!"

गुरुवारी पहाटे तिघं केळीच्या बागेत दडून बसली. थंडी अशी, की संयमचे दात वाजत होते आणि मयुरी त्याच्या तोंडावर मफलर दाबत होती. अजून पुरतं उजाडलंही नव्हतं. एवढ्यात रस्त्यावर दिव्यांची रांग दिसली. सायकली थांबल्या. शिट्टी वाजली.

"पाच मिनिटं!" जितेंद्रकाकांचा आवाज. "केळं, पाणी, निघा! भाऊ, हे घ्या. खायचं बरं का, तुम्ही खास!"

"हो हो," दादाजी म्हणाले. त्यांनी केळं घेतलं. जितेंद्रकाका पाठ फिरवून बदामवाल्याशी वाद घालू लागले, तसं दादाजींनी केळं अलगद मागच्या खिशात सरकवलं. मग बाटलीचं झाकण उघडलं, बाटली ओठांपर्यंत नेली आणि तशीच खाली घेतली. घोटभरही पाणी प्यायले नाहीत!

"पाणीसुद्धा नाही?" मयुरी कुजबुजली. "उपास आहे का?"

दादाजी मान वळवून पूर्वेकडे बघत होते. एकदा पाहिलं, थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. तिकडे नुसती राखाडी रेघ होती. सूर्याचा पत्ता नव्हता.

"नवकारसी!" विधीनं कपाळावर हात मारला. "अगं, नवकारसी! मी कशी गं एवढी बावळट!"

"ती काय असते?"

"आम्हा जैनांत नियम असतो. संध्याकाळी सूर्य मावळला की खाणंपिणं बंद. ते सकाळी सूर्य उगवून पाऊण-एक तास होईपर्यंत! तोवर पाणीसुद्धा नाही. दादाजी किती वर्षं पाळतात!"

"आपणही पाळतो!" संयम म्हणाला.

"तू नऊला उठतोस म्हणून ती आपोआप पाळली जाते!"

मयुरी विचारात पडली. "पण मग उन्हाळ्यात कशी चक्कर येत नव्हती?"

"उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो. मंडळी इथे पोचेपर्यंत दादाजींची वेळ झालेली असायची, म्हणून ते खायचे. आता थंडीत सूर्य उशिरा येतो, काकांची शिट्टी मात्र उन्हाळ्यातल्याच वेळेला वाजते! शिवाय काल सूर्य लवकर मावळला, म्हणजे जेवणही लवकर. सारी रात्र पोट रिकामं, घशाला थेंब नाही, आणि वर एवढं अंतर!"

आणि घरी? घरी सगळ्यांना वाटायचं, मंडळी खायला घालतात. मंडळींना वाटायचं, हातात केळं दिलं म्हणजे पोटात गेलंच. मोठ्या माणसांचा कारभार, दुसरं काय!

त्या दिवशी नशिबानं दादाजी धडपणे घरी पोचले. दुपारी असोद्याहून परतल्यावर विधीनं त्यांना गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. दादाजी दचकले, मग ओशाळले.

"अगं, माझ्या एकट्याच्या नियमापायी त्या पंधरा जणांना थंडीत ताटकळत ठेवू? म्हणतील, म्हाताऱ्याची कटकट! नियम माझा आहे, त्याचा त्रासही माझा."

"पण सायकल जाईल ना दादाजी! धुळे राहील!"

"गेली तर गेली," दादाजी म्हणाले, पण त्यांचा आवाज कापला. "कुणाला सांगणार नाहीस, शब्द दे मला."

विधीनं रडकुंडीला येऊन शब्द दिला. खाली उतरताना मात्र तिचं डोकं चरख्यासारखं फिरायला लागलं. सांगायचं नाही हे कबूल. पण पंधरा जणांना सूर्य वर येईपर्यंत रोखायचं नाही, असा शब्द कुठे दिला होता?

"रोखायचं कसं?" संयमनं विचारलं. "टायरची हवा सोडू या?"

"गाढवा, दादाजींच्याही सायकलला टायरच आहेत! ही माणसं कशापुढे थांबतात, सांग बघू?"

संयमनं डोळे मिटले, नाक वर केलं आणि म्हणाला, "खाण्यापुढे!"

शनिवारी दोघं पुन्हा मयुरीकडे राहायला गेली. रविवारी पहाटे तिच्या शेतात, अगदी रस्त्याच्या कडेला, कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला. त्यावर हिरवी, पांढुरकी, गरगरीत वांगी ओळीनं मांडली होती. मयुरीची आजी बेबाबाई पदर खोचून उभी होती. तिला मुलांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की सायकलवाल्यांना भरीत खायला घालायचं आहे. तेवढं तिला पुरेसं होतं. वांग्यांची सालं तडतडली, खमंग धूर उठला आणि संयम सुपानं तो धूर रस्त्याकडे ढकलू लागला.

दिव्यांची रांग आली. शिट्टी वाजली. "पाच मिनि..." आणि जितेंद्रकाकांचा आवाज मध्येच विरला. त्यांनी नाक वर केलं. "हे काय? भरीत?"

"बसा बठ्ठे, भाऊ!" बेबाबाईनं सगळ्यांना हाक दिली. "भरीत खाल्ल्याबिगर मी कोनालेच जाऊ देनार नाही!"

"छे छे, सकाळी सकाळी तेलकट! आमचं वेळापत्रक..." जितेंद्रकाका म्हणाले आणि सायकल स्टँडला लावू लागले. "बरं, तुमचा मान म्हणून, चवीपुरतं. पाच मिनिटं हं!"

जितेंद्रकाकांनी दिलेली केळी खिशात सरकवून दादाजी एका बाजूला बाजेवर टेकले. त्यांच्यामागून स्कूटर थांबली. पप्पा! आज दादाजींवर नजर ठेवायला ते स्वतः मागोमाग आले होते.

पाच मिनिटांनी वांगी भाजून झाली. मग ती सोलायची होती. मग लाकडी बडगीत घालून मिरच्यांबरोबर ठेचायची होती. मयुरीनं मुसळी हातात घेतली आणि असं काही सावकाश बडवायला घेतलं, की पुडी चोखणाऱ्या काकांना राहवेना.

"मयुरी, जरा जोर लाव गं!"

"काका, हळू बडवलं की चव उतरते!"

"मी बडवू का?" जितेंद्रकाकांनी विचारलं.

"तुम्ही बसा हो काका, दमून आलात!"

मग कांद्याची पात चिरायची होती, फोडणी व्हायची होती. मग कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. तवा एक आणि खाणारे पंधरा! बदामवाल्यानं अधीरपणानं स्वतःचे बदाम वाटायला काढले. हा चमत्कार मंडळींनी पहिल्यांदाच पाहिला! कुणाचंही घड्याळाकडे लक्ष नव्हतं. फक्त विधी सारखी पूर्वेकडे बघत होती. केळीच्या पानांमागे लाल गोळा आला, वर चढला, पिवळा झाला.

तिच्या ध्यानात आलं, दादाजी सूर्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. त्यांनी भाकरीच्या तव्याकडे पाहिलं, सूप घेऊन बसलेल्या संयमकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. आणि त्यांचे डोळे भरून आले.

थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ पाहिलं, उजव्या हाताची मूठ वळली, डोळे मिटले आणि पुटपुटत तीनदा नवकार मंत्र म्हटला. मूठ उघडून आधी गटागटा पाणी प्यायले. मग एक केळं, मग दुसरं. बेबाबाईनं गूळ घातलेलं गरम दूध पुढे केलं, तेही संपवलं.

"भाऊ, केळं आत्ता खाताय?" भाकरीचा तुकडा हातात धरून जितेंद्रकाका म्हणाले. "मघाशी दिलं होतं ना?"

"मघाशी खिशात ठेवलं होतं, जितेंद्र. थंडी पडल्यापासून रोज खिशातच जातंय." दादाजी उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. नियम, वेळ, चक्कर, सारं. "मी माझ्या नातीला गप्प बसवलं होतं. तिनं शब्द मोडला नाही. पण तुम्हा सगळ्यांना इथे बसवून ठेवलं आणि मला वेळेवर खायला घातलं!"

मग जितेंद्रकाकांनी कान पकडले. "भाऊ, एका शब्दानं सांगायचं होतं हो! आणि मी कप्तान म्हणवतो! हातात दिलं की झालं, असंच धरून चाललो."

"तुम्ही तर बाहेरचे," पप्पा खालमानेनं म्हणाले. "मी घरात राहतो. मलाही कळलं नाही."

पुढची वाट दादाजींनी अशी कापली की विचारू नका! पोटात भरीत, चार भाकरी आणि वर "चवीपुरतं" अजून थोडं भरीत घेतलेले जितेंद्रकाका रेल्वेच्या पुलावर धापा टाकत उतरून सायकल ढकलत होते, आणि दादाजी घंटी वाजवत त्यांच्या शेजारून वर गेले. ना चक्कर, ना अंधारी! विधी आणि संयमला मागे बसवून निघालेल्या पप्पांनी पुलाच्या टोकावर स्कूटर थांबवली, जामनेरला फोन लावला आणि विधीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सायकल विकायची नाही हो. मालक चालवतात."

पिंप्राळ्याला पोचल्यावर कप्तानांनी शिट्टी वाजवून जाहीर केलं, "यापुढे हिवाळ्यात आपण तासभर उशिरा निघणार, आणि भाऊंनी तोंड गोड केल्याशिवाय एकही सायकल हलणार नाही! हे ज्या पोरांना सुचलं, त्यांच्यासाठी टाळ्या!" सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की संयम लाजून सुपामागे लपला. हो, सूप तो घरापर्यंत घेऊन आला होता!

गर्दी पांगल्यावर दादाजींनी विधीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला गप्प राहायला सांगितलं, ते चुकलंच माझं. एवढ्याशा पोरीवर केवढं ओझं टाकलं!"

विधीला इतका वेळ रोखलेलं रडू आलं. "मला फक्त एवढंच हवं होतं, की तुम्ही धुळ्याला जावं," ती हुंदके देत म्हणाली.

"मग चल ना! पप्पा मागून गाडी आणणार आहेत, तुझी सायकल तिच्यात टाकू. धुळ्याच्या अलीकडे फागणे लागतं, तिथून पुढे गाडीत बसायचं नाही. तू आणि मी, दोघं मिळून सुगनच्या दारात जाऊ."

विधीनं डोळे पुसले आणि तडक स्वतःची सायकल बाहेर काढली.

"अगं, आत्ता कुठे?" आई आतून ओरडली.

"सरावाला!" विधी म्हणाली, आणि दादाजी हसत हसत पुन्हा हेल्मेट घालू लागले.