महिन्याला सहा युनिट

बसा जवळ, आणि तो दिवा राहू द्या चालू. माझ्या विजेच्या दुकानात येणाऱ्या एका वायरमनची ही हकीकत. बरीचशी त्याच्या तोंडून ऐकली, शेवटचं डोळ्यांनी पाहिलं.

तो सबमीटर घ्यायला आला होता. एकाच इमारतीसाठी तिसरा. माल खपतोय म्हटल्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण राहवलं नाही. "अहो, तिथं मीटर पेरताय की काय?"

तो वैतागून स्टुलावर बसला. "शेठ, डोकं फुटायची वेळ आलीय. दुसऱ्या मजल्यावरची खोली. म्हातारा घड्याळजी राहायचा, तो वारला. वर्षभर कुलूप आहे, तरी महिन्याला सहा युनिट. ना साडेपाच, ना सात!"

"मीटरवरच्या खोल्यांच्या पाट्या उलटसुलट लागल्या असतील."

"मलाही तेच वाटलं. एकेका खोलीचा स्विच पाडून पाहिला. पाट्या बरोबर. वायर बदलली, मीटर दोनदा बदलला. आता मालक म्हणतो, शेजारची शिलाईवाली ताई चोरून वीज घेते. बुधवारी सकाळी खोली खाली कर म्हणाला."

ताईनं मालकाला तोंडावर सुनावलं होतं, "अहो, माझं मशीन पायाचं आहे!" मालक म्हणाला, "मग इस्त्री?"

मी हिशेब करून दिला. शंभर वॅटचा दिवा रोज दोन तास जळला, की महिन्याला सहा युनिट. वायरमन झटकन स्टुलावरून उठला. घड्याळजीच्या टेबलावर शंभरचाच दिवा होता. झोप लागत नाही म्हणून तो रात्री दोनला उठून चारपर्यंत काम करत बसायचा.

मंगळवारी रात्री वायरमन तिथं जाऊन खाली जिन्याजवळच्या मीटरपाशी बसला. आधी खोलीतला दिवा काढून शर्टाच्या खिशात घातला, पुन्हा कुलूप लावून मालकानं दिलेली किल्ली ताईकडं ठेवली. मीटरपासून खोलीकडं जाणाऱ्या वायरीचा फ्यूज उपसून हातात धरला. ताईचा स्विचही पाडला.

"भाऊ, अजून किती वेळ?" ताई जिन्यावरून म्हणाली. "तासभर अंधारात बसलेय. सकाळी सामान बांधायचं की नाही, तेवढं सांगा."

"बांधू नका. आज चोर सापडतो, नाहीतर मी पक्कड टाकून देतो."

दोन वाजले. काही नाही.

दोन वाजून दहा मिनिटं.

मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकला.

त्यानं हातातल्या फ्यूजकडं पाहिलं. मनात मोजायला लागला. बावीस आकडे झाले... पुन्हा ठिपका. पुन्हा बावीस... पुन्हा. शंभरचा दिवा लावल्यावर ठिपका लुकलुकतो, तेवढ्याच अंतरानं.

"ताई, किल्ली..."

दोघं वर गेले. कुलूप काढलं. आत अंधार. टेबल. खुर्ची. टेबलावर रिकामा होल्डर.

कोणी नाही.

त्यानं श्वास सोडला. "बघा, काही नाही. मीटरच..."

तो ताईकडं वळला.

"ताई?"

ती त्याच्या छातीकडं बघत होती.

"भाऊ... तुमच्या खिशात उजेड कसला?"

...

जिना दोघं कसे उतरले, ते दोघांनाही सांगता येत नाही. सकाळी वायरमननं मालकापुढं फक्त शर्ट धरला. खिशावर दिव्याएवढा गोल, तपकिरी, जळका डाग. मालकानं तो बोटानं चाचपला आणि ताईला एवढंच म्हणाला, "राहा तुम्ही." ती अजून तिथंच राहते.

उपकार फेडायचे म्हणून तिनं तो जळका खिसा उसवून कोऱ्या पांढऱ्या कापडाचा नवा शिवून दिला. पण वायरमन काही तो शर्ट घालेना. धुतलेला, घडी घातलेला, तसाच माझ्या दुकानात आणून ठेवला. मी तो कपाटात टाकला. वरच्या कप्प्यात, एकटा.

महिन्यानं काढून पाहिला.

नव्या खिशावर, अगदी मधोमध... गोल, तपकिरी डाग.