शिंदीचा मौर

शिंदीची पानं तोडताना काट्यात ओढणी अडकली तर शहाण्या माणसानं काय करावं? थांबावं, जरा मागं सरावं, हलक्या हातानं सोडवून घ्यावी. पण हर्षाला थांबणं कुठं ठाऊक! तिनं हिसका दिला, ओढणी टर्रकन फाटली पण सुटली नाही, आणि नेमकी तेव्हाच तलावाच्या बांधावरून जाणारी एक मोटारसायकल थांबली.

"काय करून राहिली वं?"

"दिसत नाई का? झोका खेळून राहिली."

तो हसला. दवनीवाड्याच्या खत-बियाण्यांच्या दुकानातला हिमांशू. तिनं त्याला गल्ल्यामागं बसलेलं पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. गाडी लावून तो आला, ओढणी सोडवू लागला, आणि काटा गेला त्याच्याच बोटात.

"एवढी पानं कायले पायजे तुले?"

"चटई विणाले."

"बाजारात प्लास्टिकची भेटते ना."

"मंग बाजारात जा ना तू. इथं कायले थांबला?"

तिनं केसातली पिन काढली, त्याचं बोट धरलं आणि काटा टोकरू लागली. थंडीची कोवळी उन्हं तिच्या गालावर आली होती. हिमांशू काटा सोडून सगळीकडं पाहत होता.

"दुखून राहिलं का?"

"नाई... म्हणजे, थोडं. हळूच काढ. घाई नाई."

मेल्याला खरंच घाई नव्हती!

आता ही चटई कुठून आली, तर मोबाईलच्या कृपेनं. धानकापणीच्या वेळी हर्षाचा फोन शेतातल्या चिखलात पडला. दुरुस्तीला गोंदियाला गेला तो तिकडंच रमला. दिवस खायला उठले. शेवटी चिडून तिनं आड्याला खोचलेली आईची अर्धवट चटई खाली ओढली. आई, सुलोचनाबाई, आधी हसली, मग शेजारी बसून शिकवू लागली. हर्षाची पहिली चटई इतकी वाकडी झाली की मांजरसुद्धा बसेना. पण एक दिवस पानाखाली पान, पानावर पान अशी ओळ सरळ बसली, आणि ती एकटीच खुदकन हसली. किती दिवसांनी असं हसू आलं होतं! पुढं फोन घरी आला, तर तो चार्जिंगलाच पडून राहू लागला.

हिमांशू चटई न्यायला आला. मग विंझण्यासाठी आला. मग शिंदीच्या पानांच्या विणलेल्या चिमण्या पाहिजेत म्हणून आला, आणि त्या त्यानं दुकानात खताच्या पोत्यांवर टांगल्या. त्याची आई प्रेमिलाबाई म्हणाली, "दुकान होय का घरटं?" हर्षा अंगणात विणायची, तो ओट्यावर बसून पानं चिरून द्यायचा. पान देताना बोटाला बोट लागायचं... दोघंही पानाकडंच बघायचे. बोलायचं ते राहूनच जायचं.

एक गोष्ट मात्र तिनं त्याच्यापासून लपवली होती. ती आईकडून मौर शिकत होती. मौर म्हणजे नवरदेवाच्या डोक्यावरचा शिंदीचा मुकुट. गाभ्यातली पिवळी, कोवळी पानं घ्यायची, सावलीत सुकवायची, त्यांची फुलं वळायची, झालर करायची. या भागात आता कोणी करत नव्हतं, सगळे बाजारचा चमचमता आणायचे. पहिला मौर पुरा झाला की अचानक त्याला दाखवायचा, असं तिच्या मनात होतं. पण गावात अशी गोष्ट लपते थोडीच!

एका दुपारी प्रेमिलाबाई दारात उभी. मागं हिमांशू, तोंड उतरलेलं.

"सापडली वं माय, सापडली!" प्रेमिलाबाईला दम लागला होता. "देवरी गावची पोरगी आमाले पसंत हाय. त्यायले उत्तर द्याचं हाय. आन् हा पोट्टा अडून बसला! म्हणते, शिंदीचा मौर दाखव, मंगच हो म्हणतो. मी गावोगाव फिरली. काल कोणी सांगितलं, सुलोचनाबाईची पोरगी करते. कर वं बाई, माया पोराचं लगन तुयाच हातात हाय!"

हर्षानं हातातलं पान खाली ठेवलं.

"माप घ्या लागंल," ती कशीबशी म्हणाली.

मौराचं माप कच्च्या सुतानं घेतात. तिनं सूत त्याच्या कपाळावरून मागं नेलं. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागला. दोघांच्या आया चहा पीत गोष्टी करत होत्या.

"तुले मौर येते, हे सांगितलं काऊन नाई?" तो पुटपुटला.

"तू विचारलं कायले नाई?"

"मले वाटलं आता कोणीच करत नाई. म्हणून तर तशी अट घातली! लगन टळंल म्हणून..."

हर्षाच्या हातातून सूत निसटलं. म्हणजे त्यानं लग्न टाळायला जे कुलूप लावलं, त्याची किल्ली तिनंच घरी बसून घडवली होती. हसावं की रडावं!

मौर होत आला तसं तिचं जेवण कमी झालं. सुलोचनाबाईनं एकदा विचारलं, "बरं नाई का?" हर्षा म्हणाली, "पानं टोचतात." पानं टोचतात म्हणे! आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

न्यायच्या आदल्या दिवशी हिमांशू एकटाच आला. मौर पुरा झाला होता. पिवळीधमक फुलं, दोन्ही बाजूंना झुलती झालर. तो पाहतच राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हर्षा... बिघडवून टाक ना थोडा. एखादी बाजू सैल कर. मी म्हणतो, असा नाई पायजे."

"काय म्हणला?"

"तेवढ्यानं निभते ना."

हर्षा उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "मी शिकली हे. बोटं सोलून शिकली. ते तुया भित्रेपणापायी बिघडवू? तुया तोंडाले कुलूप लागलं का गा? नाई म्हणाचं असंल तर तू म्हण. माया हातानं नको म्हणवू."

"माय आयकत नाई वं..."

"मंग घाल मौर आन् जा देवरीले."

तो गेला. तो वळून पाहील म्हणून ती दाराआड उभी राहिली, पण त्यानं पाहिलं नाही. तेव्हा मात्र ती रडली.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाबाई हिमांशूला घेऊन आली. मौर तिनं दोन्ही हातांनी उचलला. "माया लग्नात असाच होता," ती हळूच म्हणाली. तिनं तो तिथंच पोराच्या डोक्यावर ठेवून पाहिला. मापात सुईच्या टोकाएवढाही फरक नाही. हर्षा खांबाला टेकून उभी होती. त्याच्याकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"झालं मंग!" प्रेमिलाबाईनं पदराआडून फोन काढला. "लावू ना देवरीले? आता तरी हो म्हणशील?"

हिमांशूनं डोक्यावरचा मौर दोन्ही हातांनी धरला. झालर थरथरत होती.

"नाई."

"आता काय नाई?"

"देवरीची पोरगी चांगली असंल, माय. पण मले नाई पायजे. मले... ज्या हातायनं हा मौर केला, तेच पायजे. मौराचा बहाना होता. मी भेलो तुले. हर्षा मले आवडते."

सुलोचनाबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. प्रेमिलाबाई आधी पोराकडं, मग हर्षाकडं वळली. तिचं कपाळ आठ्यांनी भरलं होतं.

"तुले ठाव होतं वं, याच्या मनात काय हाय ते?"

"ठाव होतं, मावशी."

"तुयाही मनात तेच?"

हर्षानं मान हलवली. आता लाजून काय उपयोग?

"आन् तरी दुसरीच्या नवऱ्यासाठी एवढा चांगला मौर केला? काऊन?"

"मले वाईट कराले जमलं नाई."

प्रेमिलाबाई फोन पदराआड ठेवत ओट्यावर बसली.

"हा पोट्टा तर भित्रा निघाला. घरात एक तरी हिमतीचं माणूस पायजे." नाक ओढत ती सुलोचनाबाईकडं वळली. "देवरीवाल्यायचे बोल मी आयकीन, त्याचं नका पाहू. पण नवरीचाही मौर लागते, आन् आपला मौर आपण करू नये म्हणतात. तुमचे हात चालतात ना अजून?"

सुलोचनाबाई डोळे पुसत पानं आणायला आत पळाली.

हिमांशू अंगणाच्या मधोमध तसाच उभा होता. कुंपणावरून शेजारणी डोकावू लागल्या होत्या.

"काढ ना गा आता," हर्षा हळूच म्हणाली. "लोकं हासून राहिले."

"तू काढ."

तिनं हात वर केले... आणि झालर नीट करून मौर तसाच राहू दिला.