न तुटलेली काच

"आज पाचला कचेरीत फाईल बंद, आक्का. मग भरपाई विसरायची," शिवणकाम करणाऱ्या सूनबाई म्हणाल्या.

समोर रेल्वे फाटकाच्या जागी पूल उभा राहत होता. खांब ठोकणाऱ्या यंत्राच्या प्रत्येक दणक्याने कपातला चहा हिंदकळत होता आणि मास्तरांचा जीव वरखाली होत होता. मास्तर म्हणजे आक्कांचे मेहुणे. आक्का खासगी तपास करत. मास्तर पिशवी धरत आणि घाई करत.

शिलाई मशीनच्या वर भिंतीला तडा होता. काम सुरू होण्यापूर्वी मोजणीदाराने त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. भिंत सरकली की काच तुटणार, काच तुटली की भरपाई मिळणार. शेजारच्या सगळ्या पट्ट्या तुटल्या. इथली मात्र शाबूत!

"दार लागेना झालंय, आणि काच धड?" सूनबाई रडकुंडीला आल्या होत्या.

"भिंत कधी रंगवली?" आक्कांनी विचारलं.

"पट्टी लावल्यावर महिन्याने. आधी पिवळी होती. पट्टीला धक्का नको म्हणून रंगाऱ्याने तेवढी जागा सोडली."

आक्कांनी काचेतून दिसणारी हिरवी भिंत न्याहाळली, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दोघं शेजारी गेले. तिथल्या पट्टीच्या न तुटलेल्या, मूळ कडेवर मास्तरांचं बोट कापलं.

"पट्टी लावायला मी एकदाच आलो," मोजणीदार वैतागून म्हणाला. "दुसऱ्यांदा यायला वेळ कुणाला आहे?"

"मी त्या घरात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही," पुलाचा मुकादम म्हणाला.

चाळीस वर्षं तसबिरींना काचा बसवलेले सूनबाईंचे सासरे एवढंच म्हणाले, "घर भक्कम आहे."

चार वाजता आक्कांनी सगळ्यांना भिंतीपाशी बोलावलं.

"ही काच रंगकामानंतरची आहे. पहिली असती, तर मागे पिवळा रंग दिसला असता. ती काढून कुणीतरी मागची जागा हिरवी रंगवली आणि मग ही चिकटवली."

"म्हणजे मोजणीदारानेच बदलली!" मास्तरांनी टाळी वाजवली.

"त्याच्या काचेने तुमचं बोट कापलं, मास्तर. हिची कड घासून गुळगुळीत केलीय. कुणाचा हात कापू नये, ही काळजी तसबिरीवाल्याची."

सासऱ्यांनी नाकारलं नाही. "तू बाजारात होतीस तेव्हा तुटली, पोरी. भिंत धोक्याची ठरली की घर रिकामं करायला सांगतात. या वयात मी नवं बिऱ्हाड कुठे थाटू?"

"बाबा, मी दिवसभर या भिंतीखाली बसते."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. ते पुढे झाले आणि शिलाई मशीन दाराकडे ओढू लागले.

"बघता काय, मास्तर? हात लावा," ते धापा टाकत म्हणाले. "मग कचेरीत न्या मला. काय केलं ते मीच सांगतो."