सिलास बेलिसला घरी सोडलं ती रात्र

दार ओढून घ्या. वीज यायची तेव्हा येईल, त्या दिव्याकडे बघत बसू नका.

क्लिफर्ड ग्विलियम माझ्याच बरोबरीचा. त्याला जाऊन पाच वर्षं झाली, म्हणून आता सांगायला हरकत नाही. हे त्याने स्वतः मला सांगितलं, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

२०१६ सालचा सात सप्टेंबर, बुधवार. क्लिफर्ड विनी बेलिसच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन निघाला होता. वाटेत कुणाच्या तरी मेंढ्या रस्त्यावर आल्या होत्या, त्या हाकलून फाटक बांधेपर्यंत अंधार पडला. विनी तेव्हा एकोणऐंशीची, टेकडीवरच्या घरात एकटी. सदतीस वर्षं क्लिफर्ड तिची लाकडं फोडत होता, तिचं कुंपण छाटत होता. गाव म्हणायचं, देवमाणूस. पबमध्ये कुणी तसं म्हटलं की हा अर्धा ग्लास तसाच टाकून उठायचा.

त्याला कारण होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी आपल्याच डोंगरात एक गुप्त टोळी होती. दोन-तीन शेतकरी, एक चोरून ससे मारणारा, आणि म्होरक्या क्लिफर्डचा बाप, एमॉस, जमीनदाराच्या रानाचा राखणदार. जर्मन फौज आपल्या देशात उतरली की जमिनीखाली लपायचं आणि रात्री वर येऊन पूल उडवायचे. बायकांनाही पत्ता नव्हता. लार्चच्या झाडांच्या रानात त्यांनी जमिनीखाली खोली खणली. पण तिच्या तोंडावरचं झाकण असं हवं होतं, की वरून चाललं तरी कळू नये. त्याला सुतार लागला. सिलास बेलिस. विनीचा बाप. टोळीबाहेर ती जागा ठाऊक असलेला एकटाच माणूस.

१९४० सालच्या सात सप्टेंबरला, शनिवारी रात्री, जर्मन उतरल्याचा निरोप आला. शत्रू आल्याची खूण म्हणून खालच्या गावांतल्या चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. एमॉस सिलासच्या दारी गेला, म्हणाला, झाकण अडकतंय, जरा चल.

सकाळी कळलं, निरोप खोटा होता. एकही जर्मन आलेला नव्हता. सुतार मात्र खाली राहिला.

त्याचं तोंड कायमचं बंद करायचा कुणाचा हुकूम होता, की एमॉसच्या मनातलीच भीती ती, हे क्लिफर्डला कधीच कळलं नाही. बापाने मरताना सांगितलं, १९७९ साली, आणि पोराने ते पोटात ठेवलं. गावाला वाटलं, सिलास हेरफर्ड शहरातल्या कारखान्यातली बाई घेऊन पळाला. विनीच्या आईने खाली मान घालून जन्म काढला. शाळेच्या भिंतीवर बसून ‘विनी, तुझा बा कुणाच्या खाटेवर?’ असं ओरडणारी पोरं होती, त्यांत सगळ्यात मोठा आवाज क्लिफर्डचा होता. ते मीही ऐकलंय. मीही हसलोय.

तर त्या बुधवारी, पावणेदहाला, लार्चच्या रानाच्या वळणावर एक माणूस उभा होता. तिशीचा. बाह्या दुमडलेल्या. हातात बॅटरी नाही. क्लिफर्डला वाटलं, कुठल्या शेतावरचा गडी असेल. त्याने गाडी थांबवली. माणूस म्हणाला, वरच्या घरापर्यंत सोड.

आत बसला तसा ओल्या चिकणमातीचा वास आला.

थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, “घंटा वाजल्या ना?”

क्लिफर्ड म्हणाला, आज कसल्या घंटा, आज बुधवार.

“मला वाटलं, आले ते.”

गाडी चढत होती. क्लिफर्डला आपल्या गालावर नजर जाणवत होती.

“तू एमॉसचा. हनुवटी तीच.”

क्लिफर्डने मान वळवली नाही. रस्ता बघितला. फक्त रस्ता.

“मी कुणाला सांगितलं नसतं रे...”

रागाने नाही. समजावून सांगावं तसं. क्लिफर्ड मला म्हणाला, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“पोरगी झोपली असेल?”

क्लिफर्डने गिअर बदलला.

“तिला काय सांगितलंत?”

घर आलं. गाडी थांबली. क्लिफर्ड समोरच्या काचेकडे बघत म्हणाला,

“पळून गेलास म्हणून.”

दार उघडलं. लागलं. बुटांचा आवाज फाटकापर्यंत गेला... आणि तिथे थांबला.

क्लिफर्डने वर पाहिलं. फाटक बंद होतं. कुणी नव्हतं.

त्याला गाडी वळवून घरी जाता आलं असतं. इतकी वर्षं तो तेच करत आला होता. त्या रात्री तो उतरला आणि त्याने दार वाजवलं. विनी गाऊनवर शाल ओढून आली. चहा ठेवते म्हणाली. तो आत गेला नाही. उंबऱ्यावर उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं: बाप, झाकण, घंटा, भिंतीवरचा आपला आवाजसुद्धा. गाडीतल्या माणसाचं मात्र बोलला नाही. ते सांगितलं तर आपण भुताच्या भीतीने बोललो असं होईल, असं मला म्हणाला.

विनीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “तुला कधीपासून ठाऊक?”

“एकोणऐंशीपासून.”

तिने त्याच्या हातातल्या गोळ्या घेतल्या.

“आई शहाऐंशीत गेली,” ती म्हणाली. “तिला सांगायला सात वर्षं होती रे तुझ्याकडे.”

आणि दार लावलं. त्यानंतर तिने त्याला एक ढलपीही फोडू दिली नाही.

विनीने कळवलं, चार दिवसांनी पोलीस आले. गावात कबरी मी खोदतो, म्हणून मलाही नेलं. झाकणावर लार्चची मुळं माणसाच्या मांडीएवढी चढली होती. करवतीने कापायला दोन दिवस लागले. खाली, भिंतीलगतच्या फळीवर, तो होता. विनीने त्याला आईशेजारी पुरलं. सगळं गाव आलं होतं, माना खाली घालून. क्लिफर्ड चर्चच्या भिंतीबाहेर उभा होता. आत ये, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

सिलासचे बूट मी उचलले होते. कुजलेलं कातडं हातात तुटून येत होतं. पण तळव्याच्या खिळ्यांमध्ये डांबर भरलं होतं, त्यात निळी बारीक खडी. तसलं डांबर त्या वळणावर पंधरा दिवसांपूर्वी टाकलेलं. सिलासच्या काळी तिथे नुसती मातीची गाडीवाट होती.

मी अंगठ्याने दाबून पाहिलं.

मऊ होतं.