पाण्याच्या आवाजात दिलेला होकार

"मरायचंच असेल तर जरा कडेला सरकता का? मला फोटो काढायचाय."

जपानच्या एका खेड्यात, दगडी पुलाच्या मधोमध मी बसकण मारली होती, तेव्हा मागून हे चक्क मराठीत ऐकू आलं. त्या पुलाला कठडे नाहीत. जुन्या काळी पलीकडच्या भातशेतीला पाणी न्यायला बांधलेला तो. पाणी त्याच्या पोटातल्या दगडी नळांतून जातं. वरून कोणी कॅनडातल्या किचनरची भित्री बाई चालेल, हे बांधणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसणार. मी खाली दरी बघितली आणि "मेले आता" म्हणत बसले. इथे आपली भाषा कोणाला कळतेय, या भरवशावर.

"कडेला सरकले तर खरंच मरेन," मी वर न बघता म्हणाले.

"हं... तेही आहे." तो शेजारी उकिडवा बसला. "राहू दे फोटो. कुठल्या तुम्ही?"

किचनर म्हटल्यावर तो इतका हसला की मला वाटलं, आता हाच पडतोय. तो ग्वेल्फचा निघाला. हायवेला ट्रॅफिक नसेल तर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. इतके विंटर आम्ही एकच बर्फ शोव्हल करत होतो आणि भेटलो कुठे, तर इथे.

नाव जयदीप. दुधाच्या कारखान्यात पाइपांची देखभाल करतो, म्हणून सुट्टीतही पाइपच बघायला आलेला. मला उठवायला त्याने हात नाही, सॅकचा पट्टा पुढे केला. हात धरायला ओळख लागते, म्हणाला. मी पट्टा धरून मुकाट त्याच्यामागे पूल उतरले. खाली पोचल्यावर पट्टा सोडायला मी जरा... उशीरच केला.

पाणी सोडायला अवकाश होता. पुलाच्या पोटातला गाळ निघावा म्हणून मधली बुचं काढतात आणि ते बघायला माणसं जमतात. आम्ही गवतावर बसून भाताचे गोळे खाल्ले, आणि का कोण जाणे, मी त्याला अनुपबद्दल सांगितलं. अनुप म्हणजे आईने काढलेलं, कॅनडाच्याच दुसऱ्या टोकाच्या कोक्विटलामचं स्थळ. व्हिडिओ कॉलवर त्याने कॅमेरा फिरवून कॉन्डोची दोन्ही वॉशरूम दाखवली आणि मला एकच प्रश्न विचारला, विंटर टायर्स कुठले वापरतेस. माणूस वाईट नव्हता. पण नकाराला कारण लागतं, आणि आईपुढे वॉशरूमचं कारण चाललं नसतं. म्हणून उत्तर टाळत मी जपानला पळून आले होते.

"दोन वॉशरूम म्हणजे विचार करण्यासारखं आहे," जयदीप गंभीरपणे म्हणाला. "माझं बेसमेंट आहे. एकच."

"मी विचारलं का?"

"नाही. सहज माहिती दिली."

तेवढ्यात बुचं निघाली. पुलाच्या कुशीतून पाण्याचे लोट धडाधडा खाली कोसळले, तुषार थेट आमच्यापर्यंत आले. जयदीपचा चष्मा ओलाचिंब झाला आणि तरी तो वेड्यासारखा तिकडेच बघत होता. मी मात्र त्याच्याकडे बघत होते. आणि नेमका भारतातून आईचा फोन आला.

"स्थळ कसं वाटलं गं?" आईने विचारलं.

सकाळीच मी तिला पुलाचा फोटो पाठवला होता. "काय सांगू आई," मी ओरडून म्हणाले, "साधं, पण भक्कम. कुठे दिखावा नाही. बघतच राहावंसं वाटतं."

पुढे ती काहीतरी बोलली, ते पाण्याने गिळलं. ऐकू आलं नाही की आपण जे म्हणतो तेच मी म्हटलं. हो, हो. आणि फोन ठेवला.

मिनिटभरात मेसेज आला. 'अनुपच्या घरी होकार कळवला. बाबा पेढे आणायला गेलेत. देव पावला.'

मी फोन जयदीपसमोर धरला. तो आधी खो खो हसला. मग थांबला. चष्मा काढून उगाचच पुसत राहिला.

"आत्ता फोन करा," तो म्हणाला. "ताबडतोब... प्लीज."

त्या प्लीजवरच मला कळलं. मला हा माणूस आवडला होता. अगदी वेळापत्रक सोडून, पण आवडला होता.

मी फोन लावला. घाईत भलतीकडे बोट लागून स्पीकर चालू झाला. पाणी बंद झालं होतं. आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, हीच पंचाईत.

"आई, मी पुलाबद्दल बोलत होते."

"कुठला पूल?"

मी सगळं समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऊर्मी, असं पुलाबद्दल कोणी बोलतं का? तुझा आवाज ऐकला मी. खरं सांग, कोणी आहे?"

मी जयदीपकडे बघितलं. त्याच्या ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं.

"आहे," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"सकाळपासून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केला असावा. "अनुपच्या आईची माफी मी मागते," ती म्हणाली. "पण बाबा दुकानात उभे आहेत. पेढे घेऊ देत, की परत बोलवू?"

मी फोन छातीशी धरला. "काय सांगू?"

"तुला काय वाटतं?" जयदीपने विचारलं. मला चक्क 'तू' म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

"मला नको विचारूस. मी मघाशीच हो म्हणून बसलेय."

त्याने माझ्या हातातून फोन घेतला, घसा खाकरला. "काकू, घेऊ देत. कंदी मिळाले तर उत्तम. मी मूळचा साताऱ्याचा."

"बरं," आई म्हणाली. मग, फक्त मलाच ऐकू जातंय अशा समजुतीने, ती कुजबुजली, "आवाज तर बरा आहे गं."